वाचकांचे प्रश्न : मुलांना अपघाताचं विश्लेषण शिकवायचं कसं?

प्रश्न : मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात थर्ड इयरला इंडस्ट्रियल सेफ्टी शिकवते. कुठल्याही अपघातावर रिपोर्ट लिहायला दिला की मुलांचं शेवटी एकच येतं, चालकाचा नाहीतर कामगाराचा निष्काळजीपणा, आणि उपाय काय तर जनजागृती करावी, बोर्ड लावावेत. फिशबोन डायग्राम (माशाच्या काट्यासारखा काढलेला कारणांचा आराखडा) मात्र सगळ्यांचे सुबक. काय करू?
(एक प्राध्यापिका, कोथरूड)

उत्तर : मॅडम, फिशबोन थोडे दिवस बाजूलाच ठेवा. मुलांचं अडतं ते त्याच्या आधी, नक्की काय झालं ते आपलं मत न घुसडता क्रमाने लिहायचं, तिथे. आधी नुसती टाइमलाइन लिहायला लावा आणि प्रत्येक ओळीपुढे हे कुठून कळलं तेही, पेपरातून, पंचनाम्यातून, स्वतः बघून की आपला अंदाज. अंदाज असेल तर सरळ अंदाज म्हणून लिहायचं, मार्क कापू नका त्याचे.

उदाहरण आपल्या दारातलंच घ्या, पुण्यातला नवले पूल. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड गाडीमुळे चाळीसहून जास्त गाड्यांचं नुकसान झालं, त्याआधीही तिथे अपघात झालेत आणि नंतरही. मुलं लिहिणार ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल केली, ब्रेक लागले नाहीत, चूक त्याची. बरं, चूक मान्य. पण ड्रायव्हर दरवेळी वेगळा, गाडी वेगळी, मालक वेगळा, मग जागा तीच कशी? हा प्रश्न टाकला की मुलं खरी कामाला लागतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत उतारच उतार, न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं असं बरेच ड्रायव्हर धरून चालतात, पण गिअर काढला की इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर, ते तापतात आणि तापले की धरतच नाहीत, आणि उतार संपतो तिथे नेमकी शहराची गर्दी, रिक्षा, सर्व्हिस रोडवरून मधेच घुसणाऱ्या गाड्या. एवढं स्वतःच्या हाताने लिहिलं की 'जनजागृती करावी' हे त्यांचं त्यांनाच अपुरं वाटायला लागतं.

उपायांचं म्हणाल तर कुंडमळ्याची केस द्या. १५ जून २०२५, रविवार, तळेगावजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने पडला, ४ माणसं गेली. धोक्याचा बोर्ड तिथे होता. मग बोर्ड असून लोक का चढले, पूल बंदच करायचा तर गावातल्यांनी पलीकडे जायचं कुठून, हे विचारू द्या. सेफ्टीत उपायांची उतरंड शिकवतात ना, आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर इंजिनिअरिंगने अडवा, मग नियम आणि ट्रेनिंग, सगळ्यात शेवटी हेल्मेट-ग्लोव्हज, ती अशा केसमधेच डोक्यात बसते. आणि प्रत्येक शिफारशीपुढे कोणी करायचं, कधीपर्यंत आणि झालंय की नाही हे कोण बघणार, एवढं नसेल तर रिपोर्ट परत पाठवा.

अजून एक, लिहिण्या-बोलण्याचे तास हे सेफ्टीचेच तास आहेत असं मला मनापासून वाटतं. नासाचं चॅलेंजर अंतराळयान २८ जानेवारी १९८६ ला उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, सातही जण गेले. थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबराच्या ओ-रिंग नीट बसत नाहीत हे इंजिनिअरांना कळत होतं, आदल्या रात्री कॉन्फरन्स कॉलवर त्यांनी उड्डाण नको असं सांगितलंसुद्धा. पण तापमानाचा संबंध बघताना फक्त रिंग खराब झालेली उड्डाणंच मोजली, ज्यात काहीच झालं नाही ती वगळली, त्यामुळे थंडीचा परिणाम डोळ्यांत भरलाच नाही. वर्गात आधी अर्धाच ग्राफ द्या, निर्णय घ्यायला लावा, मग पूर्ण द्या. त्या दिवशी वेगळं लेक्चर लागणार नाही.

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत इंटर्नशिप करतोय. पॉवर प्रेसचा लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बायपास केलेला दिसला. कॉलेजच्या रिपोर्टमधे लिहू का? सुपरवायझर चिडले तर?
(टीई मेकॅनिकल, आकुर्डी)

उत्तर : अरे लिहायचंच, पण रिपोर्टची वाट बघू नकोस, आज शिफ्ट संपायच्या आत सुपरवायझरना बाजूला घेऊन सांग, कारण मधल्या वेळात तिथे कुणाचा तरी हात आत जाणार आहे. तिथे ऐकलं नाही तर कंपनीचा सेफ्टी ऑफिसर आणि तुझे गाइड, दोघांना त्याच दिवशी कळव. तू स्वतः त्या मशीनला हात लावू नकोस. लिहिताना ऑपरेटरचं नाव नको, मशीन नंबर, तारीख, वेळ, काय दिसलं, बास. फोटो परवानगीशिवाय काढू नकोस. मग नीट विचार की बायपास का केला, कर्टन सारखा ट्रिप होतो का, जॉब काढताना आडवा येतो का, टार्गेट किती आहे. ऑपरेटर मंडळी हे सगळं सांगतात रे, फक्त विचारणारा तपासणीला आल्यासारखा नको, आणि तू जे ऐकशील त्यात उपाय अर्धा मिळालेला असतो. चिडतील का, चिडतीलही, पण 'तुमचा माणूस चुकला' असं न म्हणता 'इथे हात अडकू शकतो' असं म्हणालास तर बहुतेक जण ऐकून घेतात.

प्रश्न : मुलगी केमिकल इंजिनिअरिंगला आहे, तिला सेफ्टीत जायचंय. पुढे काय करावं?
(एक पालक, हडपसर)

उत्तर : डिग्रीनंतर एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, इंडस्ट्रियल सेफ्टीचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा आहे, सेफ्टी ऑफिसरच्या नोकरीला तो विचारतात. पण त्याआधी कॉलेजच्या पत्रावर कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत इंटर्नशिप मिळते का बघा, आणि हॅझॉपच्या, म्हणजे प्लांटमधे कुठे काय बिघडू शकतं ते एकेक करून तपासायच्या, मीटिंगमधे नुसतं मागे बसून नोट्स घ्यायला मिळाल्या तरी तिला सांगा, सोडू नकोस.