विंचू ‘चावतो’ म्हणणे चूक आहे का?

प्रश्न असा आहे की, चावायला जबडा लागतो, तर मग विंचू, गोम, मधमाशी आणि डास या सर्वांना ‘चावला’ हे एकच क्रियापद लावणे अशुद्ध नाही का?

शंका निराधार नाही. ‘चावणे’ हे संस्कृत ‘चर्व्’ धातूपासून आलेले असून दातांनी बारीक करणे हाच त्याचा मूळ अर्थ आहे. ‘घास नीट चावून खा’ यात तो आजही टिकून आहे. कीटक, खेकडे, गोमी यांना एकत्र घेणाऱ्या ‘मँडिब्युलाटा’ या प्राणिशास्त्रीय गटाचे नावही लॅटिनमधल्या चावणे याच अर्थाच्या धातूवरून आले आहे. या प्राण्यांचे जबडे आपल्यासारखे वरखाली न होता दोन्ही बाजूंनी आडवे येऊन मिटतात. मुंगी त्यांनीच चावते, तेव्हा तिच्याबाबत वाद नाही. विंचू मात्र या गटातलाच नव्हे. तो मारतो ती नांगी, आणि तीही शेपटीच्या टोकाची. गोमेला जबडे असूनही ती विष टोचते धडाच्या पायांच्या पहिल्या जोडीने. डासाच्या मादीचे जबडे तर सुयांसारखे बारीक झालेले असतात. (‘डास’ हा शब्द ‘दंश’वरून आला, म्हणजे तो नावापुरता तरी डसतोच.)

तरीही हा प्रयोग मला अशुद्ध वाटत नाही. मराठीने ‘चावणे’ हे प्राण्याच्या तोंडाकडे पाहून नव्हे, तर आपल्या कातडीला झालेल्या वेदनेवरून ठरवले आहे. एकनाथांच्या भारुडातही विंचू चावतोच, आणि नवी चप्पलसुद्धा चावते. तिला जबडा कुठून असणार? उलट, जिचे जबडे खरोखर लाकूड चावून काढतात त्या वाळवीला आपण ‘चावली’ म्हणत नाही. दाराला वाळवी लागते, लोकरीला कसर लागते, भुंगा वासा पोखरतो आणि टोळ पीक फस्त करतात.

पाठ्यपुस्तकात किंवा वैद्यकीय नोंदीत विंचवासाठी ‘नांगी मारणे’, मधमाशीसाठी ‘डंख मारणे’ असे नेमके लिहावे, कारण तिथे इजा कोणत्या अवयवाने झाली हे कळणे आवश्यक असते. घरात मात्र कोणी कळवळून ‘विंचू चावला’ म्हणून ओरडले, तर त्याचे क्रियापद दुरुस्त करत बसू नये.