हरणासाठी बाणाचं पातं कोणतं?

प्रश्न : हरणाच्या शिकारीचा परवाना मिळाला. माझं धनुष्य ४५ पौंड ओढीचं आहे. बाणाला स्थिर पाती लावू की आदळल्यावर उघडणारी?

उत्तर : स्थिरच लावा. उघडणारी पाती रुंद घाव करतात खरी, पण उघडण्यातच बाणाचा थोडा जोर खर्च होतो, आणि ४५ पौंडांत तो उधळण्याइतका नसतो. साधारण एक इंच रुंदीचं पातं बाणाला आरपार जाऊ देतं. वजन सरावाच्या टोकाइतकंच हवं. ते १०० ग्रेनचं, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास असेल, तर पातंही तेवढंच.

खरा जीव धारेत आहे. बाण मारतो तो रक्तस्रावानं, धक्क्यानं नव्हे. मी रबर बँड ताणून त्यावर पातं अलगद टेकवते; स्पर्शासरशी तुटला नाही, तर ते पातं भात्यात जात नाही. नवीन पाकिटातलंसुद्धा! एकदा ही तपासणी टाळली आणि जखमी हरणाचा माग अंधार पडेपर्यंत काढत राहिले. ते सापडलं नाही. अजून सलतं.

सराव त्याच पात्यांनी करा. सरावाच्या टोकांपेक्षा बाण बाजूला जात असेल, तर आधी धनुष्य जुळवून घ्या. शिकारीआधी धार पुन्हा लावा.