एक्सेलमध्ये महिन्याच्या तासांची बेरीज 221 यायला हवी तिथे 5:00 का येते?

बेरीज बरोबरच आहे हो तुमची, फक्त दिसतीय चुकीची. एक्सेल वेळ म्हणजे दिवसाचा भाग धरतं, पूर्ण दिवस म्हणजे 1, सहा तास म्हणजे 0.25, त्यामुळे साडेआठ तासाचे 26 दिवस केले की 221 तास होतात, त्यातले नऊ पूर्ण दिवस म्हणजे 216 तास ते गिळून टाकतं आणि उरलेले 5 दाखवतं. बेरजेच्या सेलवर राइट क्लिक, फॉरमॅट सेल्स, कस्टम, आणि तिथे एच हे अक्षर चौकोनी कंसात टाकायचं, पुढे कोलन आणि दोनदा एम. झालं. गूगल शीट्स वापरत असाल तर नंबर फॉरमॅटमधे ड्युरेशन निवडा, काम तेच.

आता खरी गंमत पगार काढताना होते. तासाला 90 रुपये म्हणून थेट 90 ने गुणलं तर 828.75 येतात, माणूस म्हणेल महिनाभर राबून एवढेच का! आधी 24 ने गुणा मग 90 ने, म्हणजे 19,890 येतील, आणि त्या सेलचा फॉरमॅट नंबर ठेवा नाहीतर परत वेळच दिसेल.

नाइट शिफ्ट असेल, म्हणजे रात्री 10 ला आत आणि सकाळी 6 ला बाहेर, तर वजाबाकी मायनसमधे जाते आणि सेलभर नुसते हॅश दिसतात, तिथे मॉड फंक्शनमधे आउट वजा इन लिहून स्वल्पविरामानंतर 1 द्या, दिवसपाळीलाही तोच फॉर्म्युला चालतो, मी तर सरसकट तोच ओढतो खालपर्यंत.