गाण्यांसाठी खास कॉम्प्युटर हप्त्यावर घ्यावा का?

प्रश्न: घरी चांगले स्पीकर आणि ॲम्प्लिफायर आहेत. गाणी जुन्या डेस्कटॉपवरून वाजवतो. हेडफोनच्या जॅकमधून वायर थेट ॲम्प्लिफायरला जाते. मागे सतत बारीक किरकिर येते, माउस हलवला की वाढते. संगीतासाठीच बनवलेला, पंखा नसलेला एक कॉम्प्युटर पाहून ठेवलाय. किंमत स्पीकर आणि ॲम्प्लिफायर मिळून जेवढी होते तिच्या दुप्पट. निम्मे पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढीन, निम्म्याचे १८ हप्ते, व्याज वर्षाला १५ टक्के. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. आत्ता तर नकोच, आणि अशा रीतीने पैसे उभे करून तर कधीच नको.

माउसचं लिहिलंत ते बरं केलंत, निम्मं निदान तिथेच होतं. मदरबोर्डवर प्रोसेसर, ग्राफिक्स, यूएसबी यांची विजेची धांदल चालू असते आणि तुम्ही ऐकण्याचा नाजूक सिग्नल त्याच गर्दीतून बाहेर काढताय. दुसरी शक्यता ग्राउंड लूपची: कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर दोघांचं अर्थिंग वायरीतून जोडलं जातं आणि त्या वाटेने कचरा आत येतो. यातलं नेमकं काय आहे हे एक पैसा न खर्चता कळतं. कुणाचा तरी लॅपटॉप आणा, चार्जर काढून बॅटरीवर चालवा, तीच वायर लावा. किरकिर गेली की चार्जर जोडा. परत आली तर लूप असण्याची शक्यता जास्त, आणि मग महागडा नवा कॉम्प्युटरही तोच आवाज देऊ शकेल. चार्जर लावूनही शांत राहिलं तर संशय डेस्कटॉपच्या आतल्या ऑडिओ सर्किटवर.

दोन्हींवरचा इलाज खोक्याच्या बाहेर आहे. सर्किटचा दोष असेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा ऐकण्याचा सिग्नल बनवणारं छोटं यंत्र. लूप असेल तर ऑप्टिकल केबल घेणारा डॅक, कारण त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. तुमच्या डेस्कटॉपला ऑप्टिकल आउटपुट आहे का तेवढं आधी पाहा.

विक्रेता म्हणेल, डॅक लावला तरी कॉम्प्युटर चांगला हवाच. इथे थोडा हिशोब करू. सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनेल. सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट. साध्या यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट. जुन्या मशिनलाही हे ओझं नाही. उरला वेळेचा काटेकोरपणा, ज्याला जिटर म्हणून घाबरवलं जातं. असिंक्रोनस यूएसबी पद्धतीच्या डॅकमध्ये घड्याळ डॅकचंच असतं. तो स्वतःच्या गतीने डेटा मागून घेतो, कॉम्प्युटर फक्त पुरवतो. डॅक घेताना हे एवढं विचाराच.

विंडोज एरवी सगळे आवाज एका ठरलेल्या दराला बदलून मिसळतं. प्लेयरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड चालू केला की फाइल जशी आहे तशी डॅककडे जाते. मध्येच टकटक किंवा तुटक आवाज आला तर प्लेयरचा बफर, म्हणजे आगाऊ भरून ठेवलेल्या डेटाचा साठा, वाढवा. या सुधारणा फुकटातल्या.

कॉम्प्युटरने काहीच फरक पडत नाही असं मात्र नाही. पंख्याचा आवाज खरा आहे. हळुवार आलाप ऐकताना तो खटकतोच. पण त्यासाठी डेस्कटॉप दुसऱ्या खोलीत हलवता येतो, किंवा रास्पबेरी पायसारखा पंख्याशिवाय चालणारा छोटा बोर्ड नेटवर्कवरून गाणी वाजवायला ठेवता येतो. ताकदवान प्रोसेसर लागतो तो फाइलचं डीएसडी नावाच्या दुसऱ्या ऑडिओ प्रकारात, तेही वरच्या दरांत, रूपांतर करत ऐकणाऱ्यांना. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

आता पैसे. निम्मी किंमत म्हणजे तुमच्या अख्ख्या स्पीकर-ॲम्प्लिफायरच्या किमतीएवढं कर्ज. १५ टक्क्यांनी १८ महिन्यांत दर १०० मागे सुमारे १२ व्याजात जातात. तेवढ्यात एखादा साधा, नेटका डॅक बसू शकेल! उरलेलं निम्मं तर त्याहून महाग पडेल, कारण नोकरी किंवा तब्येत बिघडली की याहून चढ्या व्याजाने उसने घ्यावे लागतात. ती रक्कम हौसेची नाही.

शिवाय कॉम्प्युटर म्हणजे नाशवंत माल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि व्यवस्थित चालणारी कित्येक यंत्रं एका तारखेने जुनी झाली. स्पीकरला अशी तारीख नसते. आतल्या थरथरणाऱ्या शंकूभोवतीचा फोम बदलून लोक ते दशकानुदशकं वाजवतात. खास ऑडिओसाठीचा डबा पुन्हा विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही मोजकंच असेल.

डेस्कटॉप नाहीतरी बदलायचाच असेल तर प्रश्न वेगळा. मग घरच्या कामासाठी शांत चालणारा साधा कॉम्प्युटर घ्या आणि तो खर्च संगीताच्या खात्यात धरू नका. किरकिर मिटल्यावर पुढचा पैसा खोली आणि स्पीकरकडे जाऊ दे. खोलीतली बासची गुंज आणि स्पीकरची जागा यांचा फरक कुणालाही ऐकू येतो, आणि स्पीकर हलवून बघायला तर काहीच लागत नाही.

तरीही तो डबा मनातून जात नसेल तर हप्त्याएवढी रक्कम १८ महिने बाजूला टाका. निम्म्याहून जास्त किंमत हातात असेल, राखीव रक्कम शाबूत, आणि बाजारात तोवर नवं मॉडेल आलेलं असेल. घेण्याआधी दुकानदाराकडून परत करण्याची मुदत लेखी घ्या. घरी दोन्ही कॉम्प्युटर एकाच डॅकवर लावा, आवाजाची पातळी एकसारखी ठेवा (थोडा मोठा आवाज नेहमीच सरस वाटतो) आणि कुठला चालू आहे हे दुसऱ्या कुणाला तरी, तुम्हाला न सांगता, ठरवू द्या. दहा-बारा वेळा अचूक ओळखलात तर खुशाल घ्या, पण रोखीने.

लॅपटॉपची चाचणी मात्र याच आठवड्यात करा आणि काय निघालं ते कळवा. डॅकसाठी किती पैसे मोकळे करायचे ते त्यावरून ठरवू.