निंदा, निषेध आणि 'दोस्ता'च्या पोटातलं मौन

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. एमपीएससीची तयारी चालू आहे, सरावाला निबंध घेतलाय 'मित्रराष्ट्राने पुकारलेल्या युद्धाविरुद्ध राष्ट्रीय नेत्यांनी बोलावे का', आणि प्रश्न असा की "मामा, युद्धाची निंदा केली लिहू की निषेध केला लिहू? आणि मित्रराष्ट्र की दोस्त राष्ट्र? क्लासचे सर म्हणतात सगळं एकच."

सगळं एकच असतं तर इतके शब्द कशाला लागले असते, एवढं सरांना माझ्यातर्फे विचार.

पण त्याआधी, भाचेबुवा, तुमच्या मसुद्यातल्या पहिल्याच ओळीत नेत्यांनी 'चुप्पी साधली' आहे आणि चौथ्या ओळीत 'अखेर चुप्पी तोडली' आहे, ते आधी खोडा. हे टीव्हीचं पाप आहे मला माहितीय, जेवताना समोर पट्टी फिरत असते आणि घास घशात अडकतो. मराठीत तोडायला फांद्या आहेत, लचके आहेत, अकलेचे तारे आहेत, पण मौन आपण सोडतो. आणि गप्प बसायला आपल्याकडे शब्दांची टंचाई आहे का रे? मूग गिळून गप्प बसता येतं, तोंडात मिठाची गुळणी धरता येते, ब्र काढत नाहीत, अवाक्षर काढत नाहीत, आणि दोघांनी संगनमताने गप्प राहायचं असेल तर अळीमिळी गुपचिळी आहेच. मित्रदेशाच्या युद्धावर दोन सरकारं ज्या पद्धतीने गप्प असतात त्याला तर अळीमिळी गुपचिळीइतका नेमका शब्द नाही.

आता निंदा. मराठीत निंदा माणसाची होते, बहुतेक वेळा पाठीमागे होते, आणि ती करणारा फारसा चांगला समजला जात नाही, निंदानालस्ती हा जोडशब्दच बघ. हिंदीत निंदा सभागृहात होते, आपल्याकडे ओट्यावर बसून होते. त्यामुळे 'पंतप्रधानांनी युद्धाची कडक निंदा केली' असं मराठी चॅनेलवर ऐकलं की मला ते शेजारणीबद्दल बोलतायत असं वाटतं. (आणि शेतातली निंदणी या निंदेतून आलेली नाही, ती 'निर्दा', म्हणजे कापून काढणे, यातली, मनुस्मृतीत तण काढणाऱ्याला 'निर्दाता' म्हटलंय. दरवेळी कोणीतरी विचारतं म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

मात्र या निंदेने एकदा दिल्लीत मोठं काम केलंय, ते निबंधात घाल, मार्क मिळतील. मार्च 2003 मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. वाजपेयींनी 1998 मध्येच न्यूयॉर्कला भारत आणि अमेरिका 'स्वाभाविक मित्र' असल्याचं सांगून ठेवलेलं, त्यामुळे पंचाईत. विरोधकांना ठरावात इंग्रजीतला 'कंडेम' हवा होता, सरकारला 'डिप्लोर'च्या पुढे जायचं नव्हतं, एकात धिक्कार आहे आणि दुसऱ्यात नुसतं फार वाईट झालं हो. मग तोडगा काय, तर ठराव हिंदीत करायचा आणि शब्द ठेवायचा 'निंदा'. ज्याला कंडेम वाचायचं त्याने कंडेम वाचावं, ज्याला डिप्लोर त्याने डिप्लोर. 8 एप्रिल 2003 ला लोकसभेत तो एकमताने झाला. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी, म्हणजे मराठी माणूस, आणि मला कायम वाटत आलंय की हाच ठराव मराठीत मांडला असता तर निंदा शब्द पाच मिनिटं टिकला नसता, निषेध की खेद ते तिथेच सांगावं लागलं असतं. दुसऱ्याच दिवशी बगदादमधला सद्दामचा पुतळा खाली आला, म्हणजे आपली निंदा पोचेपर्यंत राजधानी पडली होती.

निषेध जास्त ताकदीचा शब्द आहे, होता म्हणायला हवं. नि अधिक सिध्, यातला सिध् म्हणजे 'सिद्ध' मधला नव्हे, हाकलणे या अर्थाचा वेगळा, ऋग्वेदात सविता, म्हणजे सूर्यदेव, राक्षसांना 'अपसेधन्' येतो, म्हणजे हुसकावत येतो. मागे नि लागला की स चा ष होतो, त्यात काही विशेष नाही. जुना अर्थ मनाई. विधिनिषेध, निषिद्ध यात तो अजून शिल्लक आहे. काही शुद्धलेखनवाले आजही सांगतात की निषेध म्हणजे फक्त मनाई, मोर्चात जो करतात तो निषेध नव्हेच. अहो, मग मोर्चाने काय करायचं, घरी जायचं? शब्दाचा अर्थ बदलला तो उगाच नाही. ज्याच्या हातात थांबवण्याची ताकद असते त्याचा निषेध म्हणजे मनाई, ज्याच्या हातात काही नसतं त्याचा निषेध म्हणजे निवेदन. व्याकरण तेच, खिसा वेगळा.

1956 चं सुएझ कालव्याचं युद्ध बघ. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल नासरच्या इजिप्तवर तुटून पडले. ब्रिटन-फ्रान्स म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे महायुद्धातले जोडीदार, आणि त्यांनी उघड विरोध केला, पौंड गडगडत असताना ब्रिटनला पैशाचा आधार द्यायला नकार दिला, 6 नोव्हेंबरला लढाई थांबली आणि जानेवारीत ब्रिटनचे पंतप्रधान ईडन घरी. याला म्हणतात मूळ अर्थाने निषेध. आता दुसरा नमुना. त्याच सुएझमध्ये संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य उभं करून नोबेल मिळवणारे कॅनडाचे लेस्टर पिअर्सन पुढे पंतप्रधान झाले, आणि 2 एप्रिल 1965 ला फिलाडेल्फियात, म्हणजे अमेरिकेच्याच अंगणात जाऊन, उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थोडी थांबवून बघा असं अगदी बेताने बोलले. निंदा नाही, निषेध नाही, नुसती सूचना. दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिडला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांची कॉलर धरली आणि माझ्या गालिच्यावर येऊन मुतलास अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं असं सांगतात. युद्ध आणखी दहा वर्षं चाललं. मग पिअर्सन बोलले ते फुकट गेलं का? मला नाही वाटत, पण त्याचं कारण राजकारणात नाही, शब्दात आहे, आणि मी केव्हाचा तिथेच येतोय.

मित्रराष्ट्र आणि दोस्त राष्ट्र. आपल्या शाळेच्या पुस्तकांत महायुद्धातली ती 'दोस्त राष्ट्रे' आणि समोरची 'अक्ष राष्ट्रे', त्यामुळे इतिहासापुरता दोस्त हा पक्का झालेला शब्द आहे, तिथे ढवळाढवळ नको. एरवी मित्रराष्ट्र. इथे तुझं उत्तर संपलं. माझं सुरू होतं.

मित्र म्हणजे मुळात सवंगडी नाहीच. मित्र म्हणजे करार. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'मिथ्र' हा सरळ करार या अर्थाचा शब्द आहे, आणि मिथ्र देवतेच्या यश्तात, म्हणजे स्तोत्रात, सुरुवातीलाच बजावलंय की करार मोडू नकोस, समोरचा सज्जन असो की दुर्जन. हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि शेजारच्या मितन्नी राज्याचा राजा शत्तिवाझ यांच्यात इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात तह झाला, त्याच्या मातीच्या पाट्या तुर्कस्तानात बोगाझकोयला सापडल्या, त्यात साक्षीला ठेवलेल्या देवांत आपले मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. कुठे तुर्कस्तान, कुठे आपण, आणि दोन राजांच्या दोस्तीच्या कागदावर, कागद कुठला, चिखलाच्या पाटीवर, साक्षीदार म्हणून मित्र! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला होता. म्हणजे भारत आणि सोव्हिएत युनियनचा 9 ऑगस्ट 1971 चा तो 'मैत्री करार' हा खरं तर 'करार करार' झाला, पिवळा पीतांबर म्हणतात तसा.

यास्काचार्यांनी निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, मित्र म्हणजे 'प्रमीतेः त्रायते', मरणापासून वाचवतो तो, असं सांगितलंय. ऐकायला गोड आहे, मैत्रीदिनाच्या कार्डावर छान दिसेल, पण यास्क कधीकधी शब्द फोडायच्या नादात फारच पुढे जातात, आचार्य मोठे असले म्हणून हे पटवून घ्यायची सक्ती नाही.

आणि आता माझा लाडका पुरावा. ऋग्वेदात मित्राचं एकट्याचं असं सूक्त एकच, तिसऱ्या मंडलातलं एकोणसाठावं, त्याचे पहिले शब्द 'मित्रो जनान् यातयति ब्रुवाणः'. मित्र बोलतो आणि लोकांना जागेवर आणतो. ब्रुवाणः, बोलणारा! काही भाषांतरकार इथे 'मित्र म्हणवला जाणारा' असा अर्थ घेतात, म्हणजे त्याच्या तोंडचं बोलणंच काढून घेतात. मला हे अजिबात मान्य नाही. ज्या देवाचं कामच दिलेल्या शब्दाची राखण करणं आहे तो गप्प बसून ती कशी करणार? दिलेला शब्द मोडताना दिसला की बोलायचं, हीच त्याची नोकरी.

आता दोस्त. फिरत्या मेसेजमध्ये येतं की 'दोषांचा अस्त करतो तो दोस्त'. कृपा करून असलं पुढे पाठवू नका, निदान मला नको. शब्द फारसी आहे, आणि इराणात बेहिस्तूनच्या कड्यावरच्या सम्राट दारयवहूच्या (इंग्रजीतला डरायस) शिलालेखात तो 'दौश्ता' असा दिसतो, अहुरमज्द तुझा दौश्ता होवो, म्हणजे तुझ्यावर मर्जी ठेवो. आपल्या काही ज च्या जागी जुन्या फारसीत द येतो. पटत नसेल तर 'नादान' घे, जाणणारा तो 'दाना', न जाणणारा नादान, म्हणजे आपला अजाण. त्याच हिशोबाने दौश्ता म्हणजे संस्कृत 'जोष्टा', धातू जुष्, आवडणे, चवीने घेणे. लॅटिनकडे हाच धातू चव होऊन बसला आणि इंग्रजीत निवडणे, म्हणजे 'चूज', झाला. तेव्हा दोस्त म्हणजे जो आपल्याला आवडला तो, करारबिरार काही नाही. दोस्त परका म्हणून मराठीतून हाकला म्हणणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांनी हे बघावं, हाकलताय तो तुमचाच चुलतभाऊ आहे. (सैन्यातला 'जोश' मात्र यातला नाही, तो फारसीतलं उकळणं, जोशांदा म्हणजे काढा.)

पण खरी गंमत पुढेच आहे. याच जुष् पासून संस्कृतात 'जोषम्' असं अव्यय झालं आणि अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश त्याचे अर्थ देतो, 'तूष्णीमर्थे सुखे जोषम्'. सुखाने, आणि गुपचूप! 'जोषम् आस्ते' म्हणजे गप्प बसून राहतो. आवडतंय, सुखात आहे, कशाला बोला. दोस्ताच्या अगदी सख्ख्या नात्यातला शब्द आणि त्याचा अर्थ मौन. मी हे माहीत झाल्यापासून दर बातमीत दोन गट करून बघतो, कोण मित्रासारखं वागलं आणि कोण दोस्तासारखं. हा माझा छंद आहे, कुठल्या कोशात सापडणार नाही, पण जमतो फार छान.

14 फेब्रुवारी 2003 ला सुरक्षा परिषदेत इराकवरच्या युद्धाविरुद्ध बोलणारे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री द व्हिलपँ, मित्र. 17 मार्च 2003 ला एकाच दिवशी कॅनडाच्या संसदेत आम्ही येणार नाही म्हणणारे पंतप्रधान क्रेत्याँ आणि ब्रिटनमध्ये मंत्रिपद सोडणारे रॉबिन कुक, मित्र. ब्रिटनचा पंतप्रधान ब्लेअर, जोषम् आस्ते, किंबहुना त्याहून वाईट, कारण तो नुसता बसला नाही, बरोबर गेला.

आपलं काय? आपण दोन्ही. 1956 मध्ये सुएझवर नेहरू ताडकन बोलले आणि त्याच आठवड्यांत रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तर शब्द जपून, इतके जपून की जयप्रकाशांनी त्यावरून खडे बोल सुनावले. युक्रेनवर 2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत 141 देश रशियाच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने, आपण तटस्थ. मग 16 सप्टेंबरला समरकंदला मोदींनी पुतीनना समोरासमोर सांगितलं, 'आजचा काळ युद्धाचा नाही'. यात निंदा आहे का, नाही. निषेध आहे का, नाही. पण ब्रुवाणः आहे की नाही? थोडंसं आहे. कॅमेऱ्यासमोर होतं म्हणून मी ते बोलण्यात धरतो, बंद खोलीत झालं असतं तर सरळ जोषम् मध्ये टाकलं असतं. बंद खोलीत आम्ही फार कडक बोललो हे नंतर सगळेच सांगतात, त्याला साक्षीदार कोण? मितन्नीच्या पाटीवर निदान देवांची नावं तरी होती.

हां, तर निंदा की निषेध. भाच्याचा आत्ता पुन्हा मेसेज आलाय, "मामा शब्दमर्यादा आहे". युद्धाचा निषेध लिही. देशाचा नको, कृत्याचा लिही, मित्रदेशाच्या बाबतीत तेवढं भान ठेवावं. निंदा फक्त 2003 च्या ठरावाबद्दल लिहिताना, आणि तीही अवतरणात. सरांनी जोषम् बद्दल विचारलं तर माझा नंबर दे. आणि ती चुप्पी काढलीस का?