१० प्रश्न, ४ पर्याय, सगळे तुक्के मारले तर ५ बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये १ आहे का?

नाही, त्याच्यापेक्षा बरीच जास्त आहे. तुम्ही १/४ ला पाच वेळा गुणून १०२४ मध्ये १ काढलंय, गुणाकार बरोबर आहे पण ते उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं आहे. ठरावीक पाच प्रश्न, समजा पहिले पाच, बरोबर यायची ती शक्यता आहे, मग बाकीच्या पाचांचं काहीही होवो. तुम्हाला तर कुठलेही पाच चालणार आहेत ना.

म्हणजे दोन गोष्टी राहिल्या. बरोबर पाचच हवेत तर उरलेले पाच चुकले पण पाहिजेत, एक चुकायची शक्यता ३/४, तर ३/४ सुद्धा पाच वेळा गुणा. आणि दुसरं, जिथे बहुतेक जण अडकतात, ते बरोबर आलेले पाच कुठले हे १० मधून २५२ प्रकारे निवडता येतं (१०×९×८×७×६ ला ५×४×३×२×१ ने भागा), प्रत्येक प्रकाराची शक्यता सारखीच म्हणून सगळ्याला २५२ ने गुणायचं. येतात साधारण ५.८ टक्के. पुस्तकात याला द्विपद वितरण म्हणतात.

पण पास व्हायला ५ लागत असतील तर ६, ७, ८ आले तरी पासच की! त्यांचं पण असंच काढून मिळवा: ६ चे १.६, ७ चे ०.३, पुढचं नगण्य. एकूण ७.८ टक्के, म्हणजे साधारण १३ मध्ये १.

आता मला यातला सगळ्यात भारी वाटणारा भाग, पेपर २० प्रश्नांचा केला आणि पासिंग तेच अर्धं, म्हणजे १० ठेवलं, तर हीच शक्यता १.४ टक्क्यांवर येते. कारण तुक्क्यांची सरासरी पाव मार्कांचीच राहते आणि प्रश्न वाढले की नशिबाला त्या सरासरीपासून लांब जाणं अवघड होत जातं. मोठ्या पेपरात अंदाजपंचे चालत नाही ते यामुळे.

निगेटिव्ह मार्किंग असेल तर हिशोब वेगळा. बरोबरला १ आणि चुकीला वजा १/३ असेल तर आंधळ्या तुक्क्याची सरासरी बरोब्बर शून्य, ना फायदा ना तोटा. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं की उरलेल्या तिघांतल्या तुक्क्याला सरासरी १/९ मार्क मिळतो, दोन खोडता आले तर १/३, तेव्हा असा प्रश्न कोरा सोडू नका.