चार लाख घेऊन मोकळं व्हावं का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): मला सहावा महिना सुरू आहे. नवरा पुण्याला नोकरीत आहे. मी माहेरी आल्यापासून त्याने एक पैसाही पाठवलेला नाही. मिहानमधल्या कंपनीत मला हातात ३२ हजार मिळतात. खासगी दवाखान्याने सिझेरियनचा अंदाज एक लाख सांगितला आहे. सासरचा निरोप आहे : एकरकमी ४ लाख घे आणि 'माझी व बाळाची यापुढे कसलीही मागणी नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून दे. भाऊ म्हणतो, घेऊन टाक. बाबा पोस्टातली एमआयएस (मासिक उत्पन्न योजना) मोडायला निघालेत. काय करू?

उत्तर: ताई, पैशांना नाही म्हणू नका, पण त्या मजकुरावर सही करू नका.

आधी हिशेब बघा. एक लाख बाळंतपणात गेले की तीन उरतात. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत २१६ महिने. व्याज महागाईत जिरतं असं धरलं (शाळांच्या फिया बघता हे धरणंही उदारपणाचंच), तर महिन्याला १,३८९ रुपये पडतात. एवढ्यात तर ऑटोवाला महिनाभर शाळेत सोडायलाही कुरकुर करेल.

बाळाची पोटगी बाळाच्या हक्काची असते. आईने लिहून दिलं म्हणून ती बुडत नाही. यावर भाऊ म्हणेल, मग सही करायला काय जातं? जातं. उद्या हाच कागद कोर्टात पुढे येईल, तुमची स्वतःची पोटगी त्यात अडकेल आणि तो खोडून काढायला वकिलाची फी तुम्हीच भराल.

बाळाची वेगळी पोटगी जन्मानंतर मागता येते. बाळंतपणाचा खर्च मात्र तुमच्या पोटगीत आत्ताच मागता येतो. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५) आहे. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० मध्ये औषधोपचाराचा खर्च नावानिशी आहे. पैसा अडवून धरणं हीसुद्धा त्या कायद्याने हिंसाच. दोन्ही अर्ज तुम्ही राहता त्या नागपुरातच करता येतात. पुण्याला खेटे नकोत. केवळ पगार आहे एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, पण रक्कम कमी होऊ शकते. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात ठरवून दिलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. तेव्हा बोलणी चालू द्या, पण अर्ज अडवून ठेवू नका. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, पगार कितीही असो.

सासरकडे उलट निरोप धाडा : बाळंतपणाचा खर्च आत्ता बँकेतून पाठवा, पोटगीचं कोर्टात ठरेल.

आता एक गोष्ट, जी बहुतेकजणी विसरतात. नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये तुमचं नाव अजून असेल. ई-कार्ड काढून बघा, मॅटर्निटीची मर्यादा किती तेही बघा. असेल तर दवाखान्यात कॅशलेसच करा. आधी बिल भरून मागून क्लेम केलात, तर परतावा बहुधा नवऱ्याच्या खात्यात जमा होईल आणि मग तो काढणं आलं. स्वतःची नवी पॉलिसी आता घेऊन या बाळंतपणाला उपयोग नाही.

बाबांना थांबवा. एमआयएस एक वर्षानंतर पण तीन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलातून दोन टक्के कापतात, त्यानंतर मोडली तर एक टक्का. त्यांचं दरमहाचं व्याज बंद होतं ते वेगळंच. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुमची ८० दिवस हजेरी झाली असेल तर २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. तो पगार हाच तुमचा खरा आधार.

एक लाखाचा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. डागा, मेयो, मेडिकल या सरकारी दवाखान्यांत सिझेरियनसकट बाळंतपण, औषधं, रक्त मोफत आहे. गर्दी असते, हे खरं. पण गुंतागुंत झाली तर खासगीतूनही पुष्कळदा मेडिकललाच पाठवतात. निदान एकदा नाव नोंदवून ठेवा.

आणि कोर्टात खर्चाचा पुरावा लागेल, म्हणून आजपासून औषधाच्या दुकानात कच्ची चिठ्ठी घेऊ नका. तुमच्या नावाचं पक्कं बिल मागा आणि लगेच फोटो काढा. सोनोग्राफी सेंटरच्या पावतीची शाई कोर्टाची तारीख लागेपर्यंत उडून गेलेली असते.